ऑपरेटरची चूक

साडेअकराच्या सुमाराला मशीन अडकायचं. रोज नाही, पण हंगामात आठवड्यातून दोन-तीनदा तरी. अडकायचं म्हणजे धूर नाही, आवाज नाही, पडद्यावर कसला संदेशही नाही. हिरवी अक्षरं होती तिथेच थांबायची. कळ दाबली तरी काही उमटायचं नाही. वजनकाट्यावरचा पडदा थांबला की प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरसमोरचा थांबायचा, मग गाठी बांधणाऱ्या प्रेसकडचा. आणि खामगावच्या त्या सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्या जागच्या जागी उभ्या राहायच्या.

ही ऐंशीच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांची गोष्ट. मी देऊळघाटचा. घरी माळव्याचा धंदा, वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. घरातला मीच पहिला इंजिनियर. पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीत लागलो आणि तिच्या अकोल्याच्या दोन खोल्यांच्या सर्व्हिस ऑफिसात मला बसवलं. अकोला, बुलढाणा, वाशीमकडे कंपनीची जेवढी मशीनं होती तेवढी मी एकट्याने पाहायची. पुण्याची माणसं फोनवर मला 'वऱ्हाड' म्हणूनच हाक मारायची. "काय वऱ्हाड, काय म्हणतंय मशीन?" असं. मला तेव्हा त्यात काही वाटायचं नाही. आता वाटतं.

खामगावचं मशीन लहान कपाटाएवढं होतं. त्याला काचेची खोली, खोलीला एसी, दाराशी चपला काढायची पाटी. बंडी आली की कापसाचं वजन, प्रत, कोणत्या ढिगात टाकला, त्याच्या कोणत्या गाठी झाल्या, हे सगळं तीन पडद्यांवरून त्या एका मशीनमध्ये जायचं. आधी हेच काम रजिस्टरात व्हायचं. संगणक आल्यावर मॅनेजर साहेबांनी मोठ्या थाटात रजिस्टरं कपाटात घालून कुलूप लावलं होतं. त्यामुळे मशीन अडकलं की वजन नाही, वजन नाही म्हणून बंडी हलत नाही. बंद करून पुन्हा चालू केलं तर मशीन आधी आपली सगळी डिस्क तपासून घ्यायचं आणि त्यात पाऊण तास जायचा. बाहेर बैल जुंपलेले, माणसं उन्हात. फाटकातून आरोळ्या यायच्या, "अजून कितीक टाइम लागते हो?"

मशीनवर एक बाई होत्या. लोणार तालुक्यातल्या बीबीच्या. वय पस्तिशीचं. आधी त्याच ऑफिसात टायपिस्ट होत्या, मग कंपनीने त्यांना पुण्याला नेऊन सहा आठवडे शिकवलं होतं. त्यांची बोली अर्धी आमची, अर्धी जालन्याकडची. 'मले' म्हणता म्हणता मधेच 'मला' यायचं. सगळं ऑफिस त्यांना बाई म्हणायचं, मीही बाईच म्हणू लागलो. त्या मला साहेब म्हणायच्या. मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होतो.

पहिली तक्रार आली तेव्हा मी गेलो. अकोल्याहून रेल्वेने जलंब, तिथून फाट्याच्या छोट्या रेल्वेगाडीने खामगाव. मी पोचलो तेव्हा मशीन छान चालू होतं. मेमरीची चाचणी घेतली, डिस्कची घेतली, वायरी काढून पुन्हा लावल्या. सगळं ठीक. बाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, तीन पडदे अन् प्रिंटर, चारी एकदम चालू असले तं बंद पडते. एकटं चालवून पाहाल तं नाई पडायचं."

मी "हो हो" म्हणालो आणि पुण्याला ट्रंककॉल लावला. सपोर्टचे मुख्य साहेब फोनवर आले.

"टेस्ट पास झाल्या?"

"झाल्या सर."

"मग मशीनमध्ये काही नाही. तिकडे धूळ केवढी असते. आणि ऑपरेटर कोण आहे? ती बाईच ना, टायपिस्ट होती ती? काहीतरी भलत्या कळा दाबत असेल."

"सर, एका पडद्यावरच्या कळांनी तिन्ही पडदे कसे..."

"अहो, वाद काय घालताय? कॉल बंद करा. लिहा, ऑपरेटरची चूक, समज दिली. मॅनेजरची सही घ्या आणि निघा. उद्या वाशीमला जायचंय तुम्हाला."

मी लिहिलं. निळ्या कार्बनच्या तीन प्रतींवर, माझ्या अक्षरात. 'ऑपरेटरची चूक. समज दिली.' समज मी कोणालाच दिली नव्हती. बाई समोर उभ्या होत्या आणि मी काय लिहितोय ते त्यांना दिसत होतं. मॅनेजर साहेबांनी सही केली, चहा मागवला, मी तो प्यायलो. आजही हे आठवलं की पुण्याच्या साहेबांचा जेवढा राग येतो, त्याहून जास्त त्या चहा पिणाऱ्या पोराचा येतो.

बारा-तेरा दिवसांनी पुन्हा तक्रार. गेलो तर काचेच्या खोलीत दुसरेच एक कारकून बसलेले. बाई पलीकडच्या हॉलमध्ये जावकच्या टेबलावर, टपालावर शिक्के मारत होत्या. मॅनेजर साहेबांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "तुमच्याच रिपोर्टावरून मेमो दिला तिला. बेफिकिरीचा. मशीनवरून काढून टाकली."

"मग आता तर मशीन बंद पडत नसेल?"

"पडते ना. परवा पडलं, काल पडलं."

"बाई नसतानाही?"

त्यावर त्या माणसाने काय उत्तर द्यावं? शांतपणे म्हणाला, "तिनंच काहीतरी बिघडवून ठेवलं असन."

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. ज्या बाईने मशीनला हातही लावला नाही, तिच्यावरच पुन्हा ठपका. आणि त्याचा आधार माझा कागद! मी जावकच्या टेबलाकडे गेलो. बाईंनी वर पाहिलं नाही.

"आता काऊन आले साहेब? मी तं मशीनले हात बी लावत नाई. तरी बंद पडते. आता कोणाची चूक लिहान?"

"बाई, माझी चूक झाली."

"ते कागदावर लिहा." एवढं बोलून त्यांनी पुढच्या लिफाफ्यावर शिक्का मारला.

मी तिथेच स्टूल ओढून बसलो. दुसरं काही सुचत नव्हतं. म्हटलं, पहिल्यापासून सांगा. त्यावर त्यांनी खणातून एक शाळेची वही काढून माझ्यासमोर टाकली. "सांगून काय फायदा? लिहून ठेवलं आहे. तुमच्या पुण्याच्या साहेबालेबी पाठवलं होतं, दोन पानं. त्याईनं वाचलं का नाई, देव जाणे."

वहीत प्रत्येक वेळचं लिहिलेलं होतं. वार, वेळ, कोणत्या पडद्यावर काय चाललं होतं, प्रिंटर चालू होता की बंद. अक्षर टायपिस्टचं, सुबक. भाषा त्यांच्या बोलण्यातली. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी तेच तीन शब्द: 'लाल दिवा बंद'.

मशीनच्या तोंडावर एक छोटा लाल दिवा होता. डिस्क लिहीत किंवा वाचत असली की तो पेटायचा. मी विचारलं, "अडकलं तेव्हा हा दिवा बंद होता, हे नक्की?"

"मी काय आंधळी आहो का?"

मी वही जवळ ओढली. डिस्क खराब होऊन अडकली असती तर दिवा पेटलेला राहिला असता. दिवा बंद, म्हणजे डिस्क आपलं काम संपवून स्वस्थ बसली होती. काम झालेलं होतं आणि मशीन मात्र ते होण्याची वाट पाहत बसलं होतं. ही धूळ नव्हे, व्होल्टेज नव्हे, कळा नव्हेत. ही आतल्या प्रोग्रामची चूक होती. मी पहिलं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं, 'दसऱ्याच्या आधी नवीन डिस्क बसवली. त्यानंतर आठव्या दिवशी पहिल्यांदा बंद पडले.' ती नवी डिस्क पुण्याहून आली होती आणि बसवली होती मी. जुनीपेक्षा चपळ म्हणून आम्हीच तिचं कौतुक केलं होतं.

म्हणजे महिनाभर उत्तर त्या वहीत पडून होतं. दोन पानं पुण्याला पोचलीही होती. नंतर मला कळलं की तिथे ती पानं एकाने मोठ्याने वाचून दाखवली होती आणि सगळे हसले होते. 'चारी एकदम चालू असले तं' या वाक्याला हसले होते. भाषेला हसण्याच्या नादात आतली माहिती कोणाला दिसली नाही. पगार घेणारे, इंग्रजी पुस्तकं वाचलेले इंजिनियर!

मी मॅनेजर साहेबांना म्हणालो की मला मशीन अडकलेल्या अवस्थेत पाहायचं आहे आणि त्यासाठी बाई मशीनवर हव्यात. ते नाही म्हणाले. मेमो दिलेल्या बाईला परत बसवलं तर वर काय सांगायचं? मी म्हणालो, "मग मी मशीनला हात लावत नाही. तसं लिहून देतो." कागदाचं नाव काढल्यावर ते नरमले. दोन दिवसांसाठी म्हणून बाई आल्या. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी रुमालाने सगळ्या कळा पुसल्या.

पहिला दिवस सुखरूप गेला, दुसराही. तिसऱ्या दिवशी, मी मॅनेजरची विनवणी करून मिळवलेल्या दिवशी, पावणेबाराला हिरवी अक्षरं थांबली. बाई म्हणाल्या, "पाहा. दिवा."

दिवा बंद होता.

मशीनच्या मागे एक छोटं बटण होतं. ते दाबलं की मशीन सगळं सोडून आपल्या मेमरीत काय आहे ते आकड्यांत दाखवायचं. त्याचं छापून घेता येत नव्हतं, कारण प्रिंटरही अडकलेला. हाताने उतरवून घ्यायचं. बाई पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचू लागल्या आणि मी लिहू लागलो. पाचच मिनिटं झाली असतील, मॅनेजर दारात.

"चालू करा आधी! बाहेर चाळीस बंड्या उभ्या आहेत."

"साहेब, आता बंद केलं तर सगळं पुसलं जाईल. अर्धा तास द्या."

"लोक फाटक तोडतील!"

बाई उठल्या. मॅनेजरच्या समोर जाऊन म्हणाल्या, "कपाटाची चावी द्या. जुनं रजिस्टर काढा अन् तुमी काट्यावर बसून वजन लिहा. तुमाले येते ना लिहाले?" मग त्याच पावली फाटकाकडे गेल्या. काचेतून मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. हात वर करून त्या काहीतरी सांगत होत्या आणि पुढच्या बंडीवरचा एक पागोटेवाला मान हलवत होता. परत आल्यावर मी विचारलं, काय सांगितलं?

"सांगितलं, मशीन काऊन बंद पडते ते पाहून राह्यलो. रोजचं दुखणं आहे, आज नाडी सापडली. वजन रजिस्टरात घेतो. ते म्हणे, एवढंच होतं तं आधीच काऊन नाई घेतलं?"

खरंच, आधीच का नाही घेतलं? महिनाभर लोक उन्हात उभे राहिले आणि कुलपाआड रजिस्टरं होती. कोणालाच ते कपाट उघडायचं सुचलं नाही, कारण उघडलं असतं तर संगणकाचा थाट गेला असता. त्या दिवशी मॅनेजर साहेबांनी तासभर काट्यावर बसून हाताने वजनं लिहिली. बंड्या हलल्या. आम्ही आकडे उतरवत राहिलो, चौदा पानं.

अकोल्याला परतल्यावर खरं काम सुरू झालं. डिस्कशी बोलणारा प्रोग्रामचा जो तुकडा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसलेला असतो. आमच्या मशीनचा ड्रायव्हर पुण्यातच लिहिलेला. मी त्याचं मूळ लिखाण मागितलं. पुण्याहून उत्तर आलं, "सर्व्हिसवाल्यांना सोर्स देत नाही. तुम्ही वायरी बघा."

वायरी बघा! मी त्या दिवशी फोन इतक्या जोरात ठेवला की शेजारचा दुकानदार डोकावून गेला.

सोर्स नाही तर नाही. मशीनवर चालणारा तयार ड्रायव्हर माझ्याकडे होताच. तो उलटा उलगडून मी प्रोसेसरच्या एकेक आज्ञेत छापून घेतला. घडीचा कागद ऑफिसच्या फरशीवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरला. त्यावर चप्पल काढून चालायचं, गुडघ्यावर बसून वाचायचं, बाईंनी वाचून दिलेले आकडे शेजारी ठेवून ताडून पाहायचे. त्या आकड्यांत एवढं स्पष्ट होतं की सगळे प्रोग्राम एका प्रोग्रामसाठी खोळंबले होते, आणि तो एक झोपला होता. डिस्ककडून 'झालं' असा निरोप येईल, मग उठू, म्हणून. आणि डिस्कच्या खात्यात नोंद होती की काम झालेलं आहे, निरोप दिलेला आहे. मग निरोप गेला कुठे?

नवव्या दिवशी दुपारी सापडलं. ड्रायव्हर डिस्कला काम द्यायचा. मग पाहायचा, झालं का? झालं नसेल तर बाहेरचे निरोप क्षणभर थोपवून धरायचा आणि झोपी जायचा. डिस्कचा निरोप आला की कर्नल त्याला उठवायचं. सगळं बरोबर, फक्त क्रम चुकलेला. 'झालं का' हे पाहणं आणि निरोप थोपवणं यांच्यामध्ये एक फट होती. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याच्या कितीतरी लहान अंशाची. त्या फटीत निरोप आला तर उठवणारा येऊन जायचा, कोणी झोपलेलं नाही म्हणून परत फिरायचा, आणि त्यानंतर ड्रायव्हर झोपायचा. पुन्हा निरोप येणार नव्हता. कायमची झोप. जुनी डिस्क मंद होती, तिचा निरोप त्या फटीत कधी पोचायचाच नाही. नवी डिस्क चपळ, काही वेळा उत्तर तिच्या तोंडातच तयार. तीन पडदे आणि प्रिंटर एकदम चालू असले की मशीन मधेच त्यांच्याकडे वळायचं, आणि तेवढ्या वेळात ती फट रुंदावायची. बाईंनी पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं होतं, फक्त कर्नल हा शब्द न वापरता.

दुरुस्ती किती? आधी निरोप थोपवा, मग पाहा. दोन आज्ञांची अदलाबदल. लिहिणाऱ्याने एक ओळ वर लिहिली असती तर खामगावच्या फाटकावर एकही बंडी अडली नसती.

मी जुनं कर्नल जपून ठेवलं, नव्यात त्या दोन आज्ञा उलटसुलट केल्या आणि टेप घेऊन खामगावला गेलो. मॅनेजरना सांगितलं की ड्रायव्हरची चूक होती. काट्यावरचा हमाल ऐकत होता, तो म्हणाला, "कोण्या गाडीचा?" मी हसलो, पण मग बाईंना नीट बसून सांगितलं, कारण ते ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे हाक मारली तवा हा जागाच होता. अन् हा झोपला तवा हाक माराले कोणी राह्यलंच नाई."

पुढे मी अनेक वर्षं हे काम केलं, मोठ्या पदव्यांच्या लोकांना ही चूक समजावली. यापेक्षा नेमक्या शब्दांत मला ती कधी सांगता आली नाही.

त्या दिवशी आम्ही मुद्दाम चारही एकदम चालवले. नंतरचे तीन आठवडे ऐन आवकेचे होते. मशीन एकदाही अडकलं नाही. मग मी पुण्याला कळवलं. वाटलं होतं, शाबासकी मिळेल.

"कर्नलला हात लावायला तुम्हाला कोणी सांगितलं?" साहेब ओरडले.

"सर, चूक सापडली आहे. बाकीच्या ठिकाणीही हीच डिस्क गेली असेल तर..."

"काय सापडलंय ते लिहून पाठवा आणि यापुढे विचारल्याशिवाय काही करू नका."

मी सहा पानं लिहून पाठवली. महिन्याभराने सगळ्या सर्व्हिस ऑफिसांना पुण्याहून नवी टेप आली. मी ती उलगडून पाहिली. त्याच दोन आज्ञा, माझ्याच क्रमाने. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, 'डिस्कच्या कार्यक्षमतेत सुधारणा'. सुधारणा! चूक हा शब्द कुठेच नव्हता. माझं नाव नव्हतं याचं मला दुःख नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. खोटं सांगायचो. पण खरा संताप वेगळ्या गोष्टीचा होता. बाईंच्या बाबतीत चूक हा शब्द लिहायला यांना पाच मिनिटं लागली होती, तपास न करता, फोनवरून. स्वतःच्या बाबतीत तो शब्द यांच्या हातून उतरतच नव्हता.

मी साहेबांना पुन्हा फोन केला. म्हटलं, खामगावच्या ऑफिसला एक पत्र द्या, की दोष आमच्या प्रोग्रामचा होता, ऑपरेटरचा नव्हता. त्या बाईंवर मेमो आहे.

"असं पत्र कुठली कंपनी देते का? उद्या सगळे ग्राहक तेच मागतील."

"सर, मग मी देतो."

"तुम्ही कोण?"

बरोबरच होतं, मी कोण? मी साध्या कागदावर लिहिलं. की अमुक वेळी मी दिलेला अहवाल तपास न करता दिला होता. त्यातलं 'ऑपरेटरची चूक' हे माझं विधान खोटं होतं. दोष डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये होता. आणि तो सापडला तो ऑपरेटर बाईंनी ठेवलेल्या नोंदींमुळे. खाली पूर्ण सही केली. एक प्रत मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि आवकच्या रजिस्टरात नोंद करून नंबर घेतला, म्हणजे हरवली म्हणायला नको. दुसरी प्रत बाईंना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"नोकरी जाईन तुमची, भाऊ," त्या म्हणाल्या. साहेबावरून भाऊवर त्या कधी आल्या, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नोकरी गेली नाही. आधी खुलासा मागवला, मग मला पुण्याच्या गोदामात सुट्या भागांची यादी करायला बसवलं. तिथे चार महिने काढून मीच राजीनामा दिला. त्या चार महिन्यांत सपोर्टचे साहेब रोज माझ्या टेबलावरून जायचे. एकदाही थांबले नाहीत.

बाईंचं काय झालं ते मला पुढच्या वर्षी कळलं. मी गावी आलो होतो, मेहकरच्या स्टँडवर बस बदलत होतो, आणि त्या बीबीला जायला उभ्या होत्या. आम्ही कँटीनमध्ये बसलो. त्यांनी सांगितलं की माझ्या कागदानंतरही कितीतरी महिने मॅनेजर साहेबांनी काही केलं नाही. मग नवीन हंगाम तोंडावर आला, मशीनवर बसायला कोणी धड माणूस मिळेना, तेव्हा बोलावून म्हणाले, झालं गेलं सोडा, या परत.

"मी म्हटलं, तोंडी नाई. मेमो कागदावर दिला, कागदावर मांगं घ्या. तं त्याईनं एक ओळ लिहून दिली. मेमो रद्द करण्यात येत आहे. बस. काऊन रद्द, ते लिहिलंच नाई. जसे काही मले माफ करून राह्यले!"

"मग?"

"मंग काय, परत दिली. म्हटलं, कारण लिहा. मी जावकलाच बरी आहो, शिक्के मारतो. हंगाम सुरू झाला, पंधरा दिवस ते कारकून मशीनवर रडले. सोळाव्या दिवशी दुसरं पत्र आलं." त्यांनी ते पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की यंत्रातील दोषामुळे काम बंद पडत होते, त्यास सदर कर्मचारी जबाबदार नव्हत्या.

"माफी?"

"छे! माफी कोठी?" त्यांनी कप खाली ठेवला. "ते शब्दच त्याईच्या टाइपरायटरात नसन."

बीबीकडची गाडी लागली. त्या पिशवी उचलून उठल्या, खिडकीजवळची जागा धरली आणि आतून मला विचारलं, नवीन नोकरीत काय काम आहे? मी म्हणालो, ड्रायव्हर लिहायचं. त्या म्हणाल्या, "मंग नीट लिहा." कंडक्टरने घंटी मारली.